शनिवारची साखर

शनिवार उजाडला की इर्या साखरेच्या पाकाची बाटली हाताशी काढून ठेवायची. एरवी आठवडाभर तिची मांजर पिल्वी बरी असे. खायची, पंजे चाटायची, खिडकीच्या फळीवर बसून सरोवराकडे बघत राहायची. शनिवारी संध्याकाळी मात्र तिच्या अंगातलं बळ कुणीतरी सुतासारखं ओढून घ्यायचं. मागचे पाय फाकायचे, डोळे मोठे व्हायचे आणि कुठेच बघायचे नाहीत, आणि ती चुलीमागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची. रक्तातली साखर उतरलेली. इर्या तिच्या हिरड्यांना बोटाने साखरेचा काळा पाक चोळायची. मग पिल्वी भानावर परत यायची. दर वेळी जरा उशिरा.

इर्याने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं. सायमा सरोवराच्या त्या टोकाची निम्मी पोरं तिच्या हातचं वाटाण्याचं सूप पिऊन मोठी झाली. कुणाच्या ताटात किती पडेल हे तिच्या हातातला डाव ठरवायचा, आणि डाव कधी चुकत नसे. पोरं तिला घाबरत, आणि त्याचं तिला काही वाटत नसे. घाबरलेलं पोरगं निदान खातं तरी, असं ती म्हणायची. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर ती बेटावरच्या आईबापांच्या घरी परत आली. तिथे तिचा धाकटा भाऊ ओइवा राहत होता. तोही बिनलग्नाचा. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये तारेला धरून जी फेरीबोट चालते ती त्याने केस पांढरे होईपर्यंत चालवली. या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर. त्याच्या बोलण्यालाही तेवढीच तोकडी लांबी होती.

पिल्वी त्या फेरीबोटीच्या इंजिनघरात जन्मली. ओइवाने तिला कोटाच्या आत घालून घरी आणलं, आणि तेव्हापासून दोघं भावंडं एकमेकांशी तिच्यामार्फत बोलायला लागली.

"पिल्वी, त्याला सांग, बूट बाहेर काढ म्हणावं."

"पिल्वी, तिला सांग, बाहेर पाऊस आहे म्हणावं."

"सांग त्याला, मग पावसालाही बाहेरच ठेव म्हणावं."

आधी ही गंमत होती. नंतर सवय झाली. नंतर दुसरी वाटच उरली नाही. म्हणून डॉक्टर जेव्हा पहिल्यांदा म्हणाली की मांजराला मधुमेह आहे, तेव्हा इर्याच्या मनात जे आलं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. ही गेली तर घरात बोलायचं कसं?

मधुमेहावर भागलं असतं तर ठीक होतं. पण इन्सुलिन वाढवत नेलं तरी साखर हटेना. पिल्वीचा चेहरा रुंद होत गेला, पंजे बोक्यासारखे झाले. डॉक्टर वूक्को सिल्वास्ती तरुण होती, पण घाईची नव्हती. तिने सांगितलं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत बारीक गाठ आहे, ती वाढीचं रसायन जास्त सोडते आणि त्यामुळे इन्सुलिन लागू पडत नाही. या वयात तिथे चाकू लावायचा नाही. मग उन्हाळ्यात पिल्वी अचानक हाडकली. रात्रंदिवस भूक, रात्रंदिवस येरझाऱ्या, आणि झोपायची ती तळघराच्या गार दगडावर. थायरॉईडही बिघडलं होतं. त्यासाठी कानाच्या आतल्या बाजूला चोळायचं मलम मिळालं. हातमोजा घालून चोळायचं. ते लागू पडलं. पिल्वी शांत झाली, अंगावर मांस धरू लागली. इर्याला वाटलं, आता सुटलो.

आणि मग शनिवार सुरू झाले.

पहिल्या वेळी इर्याने स्वतःवर संशय घेतला. सुईत जास्त भरलं असेल. पुढच्या शनिवारी तिने सुई भरून दिव्यापुढे धरली आणि म्हणाली, "पिल्वी, त्याला सांग, रेघ बघ."

ओइवाने चष्मा लावून पाहिलं. "पिल्वी, तिला सांग, रेघ बरोबर आहे."

तरी त्या संध्याकाळी पिल्वी कोसळलीच. मग इर्याला ओइवाचा संशय यायला लागला. हा तिचं खाणं स्वतः खातो की काय? चोरून दुसरी सुई टोचतो की काय? ती त्याच्या हातांकडे बघत राहायची. तो कॉफी बशीत ओतून प्यायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. घरात तारेसारखा ताण. एकाने ओढली की दुसरीकडे पाणी हलायचं.

डॉक्टरने विचारलं होतं, "घरात काही बदल झालाय का? खाण्यात, वेळेत, माणसांत?"

"आमच्या घरात काय बदलणार?" इर्या म्हणाली. ओइवानेही मान हलवली. काही नाही.

"आठवडाभर आकडे ठीक, आणि एकाच दिवशी घसरण," डॉक्टर म्हणाली. "मला कळत नाहीये. इतक्या ग्रंथी बिघडल्या की शरीर कसंही वागतं. पण एखाद्या वेळी ती परत येणार नाही. ती तशी जावी, झटके देत, असं तुम्हाला वाटतं का? विचार करा."

ओइवा तोवर गाडी पुढे काढायला गेला होता. हे त्याने ऐकलं नाही. इर्याने ऐकलं, आणि विचार केला. झटके तिने एकदा पाहिले होते. शुक्रवारी ओइवा लाकडं फोडत असताना तिने दवाखान्यात फोन केला आणि सोमवारची वेळ घेतली. कशासाठी ते फोनवर स्पष्ट सांगितलं. ओइवाला मात्र पिल्वीमार्फत एवढंच कळवलं, "त्याला सांग, सोमवारी तपासणी आहे."

"तिला सांग, नखंही कापून घ्या म्हणावं. माझी पँट फाडलीय."

शनिवारी पहिलं बर्फ पडलं. सरोवर अजून गोठलं नव्हतं, काळं पाणी आणि पांढरा काठ. ओइवाने दुपारीच काठावरच्या सॉनाची, त्या लाकडी वाफघराची, चूल पेटवली होती. धूर सरळ वर जात होता. संध्याकाळी इर्याने पिल्वीला खायला दिलं. उकडलेला मासा, काटे काढून. हा शेवटचा शनिवार आहे हे तिला एकटीलाच माहीत होतं, आणि त्या माहितीचं ओझं तिच्या खांद्यांवर ओल्या कोटासारखं बसलं होतं. तिने मानेमागची कातडी उचलली, सुई टोचली. पिल्वीने नेहमीप्रमाणे कान मागे घेतले.

ओइवा वाफेत अंग झोडपायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन, अंगावर जुना झगा चढवून सॉनाकडे गेला. आधी त्याची पाळी, मग इर्याची. बापाच्या वेळेपासून असंच. इर्याने सॉसेज ओव्हनमध्ये ठेवले, टेबल पुसलं, आणि मग तिला वाटलं, आज आपण आपली पाळी सोडू. आज पिल्वीजवळ बसून राहू. कोसळली तरी निदान आपल्या मांडीवर कोसळेल.

"पिल्वी?"

खिडकीची फळी रिकामी. चुलीमागे नाही. तळघरात दगड गार आणि मोकळा. माळ्यावर पलंगाखाली फक्त धूळ. तिने वर, खाली, कपाटात, कोटांच्या मागे पाहिलं. माशाची बशी वाजवली.

इर्याने बूट चढवले आणि बाहेर आली. अंधार पडला होता, पण बर्फाचा उजेड होता. अंगणात एकाच माणसाची पावलं सॉनाकडे गेलेली दिसली. मांजराची नाहीत. ती तशीच पुढे गेली, ओइवाला विचारायला. काय विचारणार आणि कुणामार्फत, हे तिला ठाऊक नव्हतं.

दाराशी येऊन ती थांबली. आत कुणीतरी बोलत होतं.

ओइवाचा आवाज होता, पण तिने कधी न ऐकलेला. लांब वाक्यं. एकामागून एक.

"...तर तो म्हणतो, ओइवा, तार तुटली तर? मी म्हटलं, तुटली तर पोहत जाऊ, सरोवर काय कुठे पळून चाललंय. हसला नाही लेकाचा. शहरातला होता. तुला गार नाही ना लागत? इकडे सरक. तुझी ती इर्या आज गप्प आहे. म्हणजे रोजच असते, पण आज जास्त. सूपही खारट केलंन. सोमवारी डॉक्टरणीकडे गेलो ना, की शहाण्यासारखी बस. चावू नकोस. तिने तुला बरं केलंय, कळलं? आता तू पुष्कळ दिवस..."

पाणी तापलेल्या दगडांवर पडलं. चर्र आवाज आला. इर्या बाहेर थिजून उभी होती. तिचा हात दाराच्या लाकडावर होता आणि लाकूड गरम होतं.

मग आतला आवाज बदलला.

"पिल्वी? अगं, काय झालं? पिल्वी!"

भावाच्या पाळीत बहीण सॉनाचं दार उघडत नाही. त्या बेटावर कुणीच उघडत नाही, घराला आग लागली तरी आधी हाक मारतात. इर्याने दार उघडलं.

ओइवा नागडा, लालबुंद, गुडघ्यांवर बसला होता. बसायच्या पायऱ्यांतल्या सगळ्यात खालच्या पायरीवर त्याचा घडी केलेला टॉवेल, आणि टॉवेलवर पिल्वी. तोंडातून लाळ, पुढचे पाय ताठ, मान मागे वळलेली. अंगावरून बारीक लाटा धावत होत्या.

"पाक!" इर्या ओरडली. "घरातून पाक आण!"

"तुझा मध!" ओइवा तिच्यावर ओरडला. थेट तिच्यावर. "फळीवर! तू अंगाला लावतेस तो!"

इर्या दचकली. आपला मध कुणाला माहीत नाही असं तिला वाटायचं. पाळी आली की ती तो कोपरांना आणि मानेला चोळायची, म्हातारपणीही. पण तेव्हा लाजायला वेळ नव्हता. तिने बरणी खाली काढली, पिल्वीला उचलून बाहेरच्या कपडे बदलायच्या गार खोलीत नेलं, बाकावर ठेवलं आणि बोट मधात बुडवून गालाच्या आत, हिरडीवर चोळलं. दातांत बोट सापडू नये म्हणून कडेकडेने. पिल्वीचं पोट तापलेल्या पावासारखं गरम होतं. इर्याच्या बोटांना ते लागलं, आणि काहीतरी तिच्या डोक्यात हललं.

"गिळ," ती म्हणत होती. "गिळ गं बाई."

"मेली का?"

"गप्प बस आणि काहीतरी घाल अंगात."

ओइवा झगा उलटा घालून दाराशी उभा राहिला. त्याच्या अंगातून वाफ निघत होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पिल्वीची जीभ हलली. एकदा. पुन्हा एकदा. लाटा विरळ झाल्या, ताठ पाय सैल पडले, आणि तिने दुखावल्यासारखा एक बारीक आवाज काढला. इर्या बाकाच्या कडेला बसली.

"किती शनिवार आणतोयस तिला इथे?"

"तिला थंडी वाजते," ओइवा म्हणाला. "ते कानाचं मलम सुरू झाल्यापासून. आधी गार दगड शोधायची, आता ऊब शोधते. माझ्या झग्यात शिरली एकदा. मग दर वेळी दारात येऊन बसायला लागली. मी झग्यात घालून आणतो, ओल्यात पाय नकोत म्हणून. जाताना घरात सोडतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालेलीस, सॉनात मांजर नको, केस पडतात. कधीतरी म्हणालेलीस."

"डॉक्टरने विचारलं तेव्हा? तोंड शिवलं होतं तुझं?"

"तिने विचारलं, घरात काय बदललं." ओइवाला खरोखरच कळत नव्हतं. "सॉना काय बदल आहे? शनिवार आहे तो."

इर्याला त्याच्यावर राग काढायचा होता, पण राग निघेना. कारण तिनेही मान हलवली होती. सुई टोचायची वेळ तिला माहीत होती, सॉनाची वेळ माहीत होती, आणि दोन्ही शेजारीशेजारी असूनही तिच्या डोळ्यांना कधी दिसल्या नव्हत्या. चूल पेटणं, धूर जाणं, आधी भाऊ मग बहीण, याला कुणी घटना म्हणत नाही.

"सोमवारी तिला हे सांगू," ओइवा म्हणाला. "बरं झालं तपासणीची वेळ घेतलीस."

इर्या पिल्वीच्या तोंडाचा मध पुसत राहिली. तेव्हा सांगायला हवं होतं. रविवारीही सांगता आलं असतं. रविवारी ते दोघं एकमेकांशी सरळ बोलत होते, अडखळत, नव्या बुटांत चालल्यासारखे. तेवढ्यासाठीच ती बोलली नाही. दवाखाना बंद होता. सोमवारी लवकर फोन करून वेळ बदलू, असं तिने ठरवलं. सोमवारी फोन कुणी उचलला नाही, आणि ओइवा गाडी सुरू करून बसला होता.

दवाखान्यात त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. कट्ट्यावर एक मेणबत्ती लावलेली होती. कट्ट्यामागे बसलेल्या बाईने इर्याला पाहिलं आणि आवाज खाली केला.

"या. आतली खोली तयार आहे. हवा तेवढा वेळ घ्या."

ओइवाने मेणबत्तीकडे पाहिलं. मग आत पाहिलं. टेबल नव्हतं. खाली मऊ पांघरूण घातलं होतं, शेजारी दोन खुर्च्या. इथली मेणबत्ती कधी लावतात हे त्याला माहीत होतं. शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या वेळी तोच गाडी घेऊन आला होता. त्याच्या हातात पिल्वीची टोपली होती. ती त्याने छातीशी घेतली.

"नाही," इर्या म्हणाली. तिचा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. शाळेच्या स्वयंपाकघरातला आवाज. "ते नाही करायचं. डॉक्टरांना बोलवा. माझी चूक झाली."

डॉक्टर सिल्वास्ती आली आणि उभ्याउभ्याच ऐकत राहिली. सॉनाचा शब्द आला तेव्हा तिने डोळे मिटले.

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "मी स्वतः शनिवारी सॉनात जाते. माझ्याही डोक्यात आलं नाही."

तिने रक्त घेतलं, मशीनवर तपासायला लावलं. वाट बघताना ओइवा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. इर्या खुर्चीत. पिल्वी टोपलीतून दोघांकडे आळीपाळीने बघत होती, निरोप पोचवायला तयार असल्यासारखी. पण कुणी काही सांगितलं नाही.

"थायरॉईड खाली आलंय," डॉक्टर कागद बघत म्हणाली. "चांगलं आलंय. पण ते खाली आलं की इन्सुलिन कमी लागतं. तुमचा डोस काठावर होता. आठवडाभर निभावत होता. आणि सुईनंतर लगेच अंग तापलं की कातडीखालचं इन्सुलिन एकदम रक्तात उतरतं. दोन्ही मिळून ती खाली जात होती." तिने डोस कमी करून दिला. काही दिवस कानातून रक्ताचा थेंब काढून जास्त वेळा साखर बघायला सांगितली. "सॉना बंद. ऊब हवी असेल तर घोंगडी द्या. आणि पिट्युटरीची गाठ आहे तिथेच आहे, हे विसरू नका. मी तुम्हाला मांजर परत देतेय. वर्षं देत नाहीये."

"नखं," ओइवा भिंतीकडे बघतच म्हणाला. "नखं कापा तिची."

परतीच्या वाटेवर फेरीबोट त्या काठावर होती. दोघं गाडीत बसून वाट बघत राहिले. वारा सुटला होता. बोट आली, ओइवाने गाडी वर घेतली, इंजिन बंद केलं. त्याच्या जागी आता दुसरा माणूस होता. त्याने हात वर केला. ओइवाने केला नाही.

"तू तिला मारायला नेत होतीस," तो म्हणाला.

"हो."

"मला न सांगता."

"शनिवारी सांगणार होते. मग रविवारी."

"मी तिला म्हणत होतो, डॉक्टरीण बरं करेल."

"ऐकलं मी. दाराबाहेर होते."

ओइवा तिच्याकडे वळला. तिने ऐकलं होतं, हे त्याला आत्ता कळलं. ते सगळं, तार आणि शहरातला माणूस आणि खारट सूप. त्याचा चेहरा लाल झाला आणि मग राखेसारखा. तो गाडीतून उतरला, कठड्याशी जाऊन उभा राहिला. आयुष्यभर ज्या पाण्यावरून गेला ते पाणी तो पहिल्यांदा बघत असल्यासारखा. इर्या टोपली मांडीवर घेऊन बसली. काच खाली करून हाक मारावी असं तिला वाटलं. कोणत्या नावाने, कोणत्या आवाजात, ते सुचेना. झटके बघवत नव्हते म्हणून केलं, हे खरं होतं. आणि तिच्या बाजूने बोलणारं हे खरं ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

बोट काठाला लागली. फळी खाली आली. मागच्या गाडीने भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला. ओइवा सावकाश परत आला, बसला, दार लावलं. किल्लीला हात घातला नाही.

"यापुढे सुई मी टोचणार," तो म्हणाला. "सकाळची आणि संध्याकाळची. दोन्ही."

"तुझे हात थरथरतात, ओइवा."

"थरथरू देत. तू रेघ बघ. टोचणार मी."

वाढायचा डाव इर्याच्याच हातात होता, सगळं आयुष्य. तिने पर्समधून सुयांचं पाकीट आणि कागदात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली काढली. क्षणभर तशीच धरून ठेवली. मग त्याच्या कोटाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण स्वतः लावलं.

मागे भोंगा वाजतच होता.

"चल," ती म्हणाली. "तिची वेळ होत आली."